टक्क्यांत न मावणारं आजारपण

तिसरीच्या एकाच वर्गातली तीन मुलं डोळ्यांसमोर आणा. एकीचं पाऊल जन्मतः वाकडं होतं; शस्त्रक्रिया झाली, आता ती किंचित लंगडत चालते. दुसऱ्याला थॅलेसेमिया आहे. मधल्या सुट्टीत तो सगळ्यांबरोबर धावतो, पण दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं आणि त्या दिवशी घरातल्या कुणाचा तरी रोज बुडतो. तिसरीला टाइप १ मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, प्रत्येक जेवणाआधी बोटाला टोचून साखर तपासणं आणि रात्री आईने गजर लावून उठून पुन्हा तेच. यांतलं दिव्यांग मूल कोणतं? शेजारीपाजारी पहिलीकडे बोट दाखवतील. कायदा म्हणेल, पहिलीचं टक्क्यांवर अवलंबून आहे, दुसरा यादीत आहे, तिसरी यादीतच नाही. आणि घरात शिरून, दुखण्यापायी कुणाच्या आईबापाचे किती तास जातात हे मोजलं, तर क्रम बहुधा उलटा लागेल.

हा विसंवाद कुणा एका कारकुनाच्या किंवा डॉक्टरच्या चुकीमुळे होत नाही. तो मापातच आहे. आपली व्यवस्था मुलाच्या शरीरात काय बिघडलं आहे ते मोजते; त्या बिघाडापायी घराला काय मोजावं लागतं, ते मोजत नाही. प्रौढ माणसाच्या बाबतीत हे कसंबसं चालून जातं, मुलांच्या बाबतीत मात्र मुळीच चालत नाही. मुलाचं आजारपण ज्या गोष्टीवर घाला घालतं ती गोष्ट, म्हणजे पालकांचा वेळ, प्रमाणपत्राच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

सातवरून एकवीस

१९९५च्या अपंगत्व कायद्यात सातच प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, कर्णदोष, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. नंतर भारताने २००७ साली दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. अपंगत्व केवळ शरीरात नसतं, शरीर आणि भोवतालचे अडथळे यांच्या गाठीतून ते घडतं, हा त्या कराराचा गाभा. त्याला धरून २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. प्रकार सातचे एकवीस झाले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा क्षय यांना स्वतःची नावं मिळाली आणि पहिल्यांदाच रक्ताचे तीन आजार यादीत आले: थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल.

ही मोठी झेप होती. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. तिथल्या मुलाचं दुखणं कायद्याने 'दिव्यांगत्व' मानणं ही लहान गोष्ट नाही. पण यादी वाढली तरी यादीच राहिली. नाव असेल तर दार उघडं, नसेल तर बंद. टाइप १ मधुमेह, मुलांचे कर्करोग, जन्मजात हृदयविकार, मूत्रपिंडाचे दीर्घ आजार यांची नावं त्या एकवीसांत नाहीत. या मुलांना सरकारने वाऱ्यावर सोडलं आहे असं मात्र म्हणता येत नाही. ०–१८ वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं कवच आहे. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या धोरणात ५० लाखांपर्यंतची मदत आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे. पण या सगळ्या उपचारांच्या योजना आहेत. रुग्णालयाचं बिल त्या भरतात. बिलात न दिसणारा खर्च कुणी भरत नाही.

चाळीसचा उंबरठा

यादीत नाव असलं तरी पुढे टक्केवारीची पायरी आहे. पालक 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करतात, शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, मिळतं. ऑक्टोबर २०२४च्या दुरुस्त नियमांनुसार कार्डाचे रंग तीन: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८०च्या दरम्यान पिवळा, ८० किंवा त्याहून वर निळा. कायद्यातले बहुतेक ठोस लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी आहेत. ३९ आणि ४० यांत शरीराचा फरक नगण्य असतो, कागदाचा फार मोठा.

हा टक्का ठरतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. हाडासांध्यांच्या दोषात सांधा किती अंश वळतो आणि स्नायूत किती जोर आहे ते पाहतात. ऐकण्यात डेसिबल, बघण्यात तक्त्यावरची ओळ. एकाहून अधिक दोष असतील तर टक्के सरळ बेरजेने जोडत नाहीत, कारण माणसाचं अपंगत्व शंभराच्या वर जाऊ शकत नाही. त्यासाठी सूत्र आहे. मोठा आकडा घ्या, नव्वदातून तो वजा करा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणा, नव्वदने भागा आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवा. म्हणजे ३० टक्के आणि २० टक्के असे दोन दोष असतील तर ६० गुणिले २० भागिले ९०, साधारण १३. त्यात ३० मिळवून ४३. दोन्ही दोष वेगवेगळे पाहिले तर मूल उंबरठ्याबाहेर, एकत्र पाहिले तर आत. म्हणूनच मुलाला एकापेक्षा जास्त त्रास असतील तर सगळ्यांची तपासणी करून घ्या, असं जाणकार कार्यकर्ते पालकांना सांगतात.

हे गणित वाईट नाही. सांधा, कान, डोळा यांच्यासाठी ते नेटकं आहे. अडचण येते ती दर तीन आठवड्यांनी परत येणाऱ्या आजाराची. त्याला डेसिबल नाही आणि अंशही नाहीत. अशा आजाराला शरीराच्या झिजेचं माप लावणं म्हणजे शेराने कापड मोजण्यासारखं आहे. शेर खोटा नसतो, तो कापडासाठी नसतो एवढंच.

थॅलेसेमियाचं एक वर्ष

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या शरीरात टिकाऊ हिमोग्लोबिन तयार होत नाही. दोन ते चार आठवड्यांनी त्याला बाहेरून रक्त द्यावंच लागतं. तीन आठवड्यांचं अंतर धरलं तर वर्षाला सतरा खेपा. रक्त जुळवण्याचा नमुना आदल्या दिवशी द्यावा लागत असेल तर चौतीस दिवस. शासकीय रक्तपेढ्यांतून या मुलांना रक्त विनामूल्य मिळतं आणि ते मिळालंच पाहिजे. पण गडचिरोलीच्या आतल्या गावातून जिल्ह्याला येणाऱ्या मजूर बाईचे ते चौतीस दिवस विनामूल्य नसतात.

शिवाय रक्त देऊन भागत नाही. एका पिशवीतून शरीरात सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शिरतं. नको असलेलं लोह बाहेर टाकण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम जातं. उरलेलं यकृतात, हृदयात आणि संप्रेरकांच्या ग्रंथींत साठत राहतं. ते काढायला रोज औषध घ्यावं लागतं. पूर्वी त्यासाठी पोटाच्या कातडीखाली सुई लावून आठ ते बारा तास पंप चालवावा लागे, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या आहेत, पण वेळ सांभाळणं, ठरावीक महिन्यांनी लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासणं, हृदयाकडे लक्ष ठेवणं हे सुटत नाही. यातली कुठलीही गोष्ट मूल स्वतः करत नाही. कुणीतरी मोठं माणूस करतं, आणि आपल्याकडे ते माणूस बहुतेक वेळा आई असते.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आईने हे सगळं चोख केलं तर मुलाचं यकृत आणि हृदय शाबूत राहतं, वाढ नीट होते, मूल चारचौघांसारखं दिसतं. शरीराची झीज हाच निकष धरला तर जिने सर्वांत जास्त कष्ट घेतले तिचंच मूल कागदावर सर्वांत कमी आजारी ठरतं. जे माप उत्तम शुश्रूषेची शिक्षा देतं ते बदललंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

प्रौढांच्या मापाने कापलेल्या योजना

आता रोख मदतीकडे बघू. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे. अपंगत्व किमान ८० टक्के हवं आणि वय १८ ते ७९. केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. आठ वर्षांच्या मुलाला तीत जागाच नाही. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना तिच्याहून उदार आहे. २०२५मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी तिची रक्कम महिना २,५०० रुपये केली आणि कर्करोग, क्षयरोग, सिकलसेल यांसारखे आजारही तीत धरले जातात. पण आजाराशी जोडलेली अट आहे ती त्यामुळे स्वतःचा चरितार्थ चालवता न येण्याची. मुलाला ही अट लावायची कशी? निरोगी मूलही चरितार्थ चालवत नसतं.

'निरामय' ही राष्ट्रीय न्यासाची विमा योजना चांगली आहे. जन्मापासून मिळते, वैद्यकीय पूर्वतपासणीची अट नाही, वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च देते, त्यात नियमित थेरपीही येते. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चौघांपुरती आहे. आयकरातल्या ८०डीडी कलमाने पालकाला ७५,००० रुपयांची, तीव्र अपंगत्वात सव्वा लाखाची वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. ज्याच्या उत्पन्नावर करच बसत नाही त्याला तिचा उपयोग शून्य. आणि रक्ताच्या आजारांना २०१६च्या यादीत घेतलं खरं, पण त्याच कायद्याच्या ३४व्या कलमात नोकरीतलं ४ टक्के आरक्षण ज्या गटांना दिलं त्यांत हे आजार नाहीत. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांवर त्यांचा हक्क आहे, नोकरीत नाही. असं का, याचं पटणारं कारण मला कुठे सापडलेलं नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच विचार दिसतो: अपंगत्व म्हणजे कमावण्याची क्षमता जाणं. प्रौढासाठी हा विचार ठीक आहे. मुलाची कमाई नसतेच. त्याच्या आजारपणात जाते ती दुसऱ्याची कमाई.

दुसरीकडे काय मोजतात

इंग्लंड आणि वेल्समध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी अपंगत्व भत्ता आहे. तिथे आजाराचं नाव विचारतात, पण निर्णय त्यावर होत नाही. प्रश्न असा असतो: याच वयाच्या निरोगी मुलाच्या मानाने या मुलाला किती जास्त देखभाल लागते? दोन वर्षांच्या कुठल्याही बाळाचं लंगोट बदलावंच लागतं, ते मोजत नाहीत. त्याच्या वरचं मोजतात. दिवसाचा काही भाग देखभाल लागत असेल तर एक दर, दिवसा किंवा रात्री वारंवार लागत असेल तर दुसरा, दिवसाही आणि रात्रीही लागत असेल तर तिसरा. २०२५-२६ सालात हे दर आठवड्याला २९.२०, ७३.९० आणि ११०.४० पौंड होते. पालकांच्या उत्पन्नाची अट नाही. शिवाय आठवड्याला ३५ किंवा जास्त तास देखभाल करणाऱ्या माणसाला स्वतंत्र भत्ता आहे. रात्री गजर लावून साखर तपासणारी आई तिथल्या अर्जात दिसते. आपल्या अर्जात ती दिसत नाही.

अमेरिकेने हेच अडखळत शिकून घेतलं. तिथली पूरक सुरक्षा उत्पन्न योजना १९७४मध्ये सुरू झाली आणि तिच्यात पहिल्यापासून गरीब घरांतली दिव्यांग मुलं होती. पण आजार सरकारी सूचीत बसला नाही तर प्रौढांची व्यक्तिशः तपासणी होई, मुलांना ती संधी नव्हती. १९९०मध्ये झेब्ली खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद बेकायदा ठरवला. १९९६मध्ये निकष पुन्हा कडक झाले, तरी रोजच्या जगण्यातली अडचण पाहण्याचं तत्त्व टिकलं. आज तिथे सहा क्षेत्रं तपासतात: शिकणं, लक्ष देऊन काम पुरं करणं, इतरांशी वागणं, हालचाल, स्वतःची काळजी आणि प्रकृती. शेवटच्या क्षेत्रात उपचारांचे परिणाम आणि आजाराची आवर्तनंही येतात. वर्षातून सरासरी तीन वेळा, दर खेपेस दोन आठवडे किंवा जास्त मूल आजारी पडत असेल तर त्या क्षेत्रातली अडचण ठळक मानली जाते. वारंवार येणाऱ्या दुखण्यालाही माप लावता येतं, ते असं.

आक्षेप आणि त्यांचं वजन

पहिला आक्षेप लबाडीचा. तास आणि रात्री मोजायला गेलात तर कुणीही काहीही सांगेल, टक्का निदान डॉक्टर ठरवतो, असं म्हणतात. पण बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं टक्क्यांच्याच राज्यात गाजली आहेत. उलट रक्तपेढीच्या नोंदवहीत तारीख असते, पिशवीला क्रमांक असतो, डे-केअरच्या कागदावर वेळ असते, इन्सुलिनच्या चिठ्ठीवर मात्रा असते. सतरा खेपांचा खोटा पुरावा उभा करणं एका खोट्या टक्क्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रोख पैसे दिले तर पालक काम सोडतील. याला पुरावाही आहे. अर्थशास्त्रज्ञ मानसी देशपांडे यांनी अमेरिकेतल्या अशा कुटुंबांचा अभ्यास केला, ज्यांच्या मुलाची मदत फेरतपासणीत बंद झाली. आईवडिलांनी कमाई वाढवून ती तूट भरून काढली, असं त्यांना आढळलं. हा निष्कर्ष टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. मात्र तो नीट वाचला पाहिजे. फेरतपासणीत बाहेर पडणारी मुलं सहसा तुलनेने बरी असलेली, काठावरची असतात. आणि मदत असताना पालक कमी कमावत होते याचा सरळ अर्थ, पैशाने त्यांचे तास मोकळे केले होते. गंभीर आजारी मुलाच्या घरात भत्ता असतोच मुळी त्यासाठी.

तिसरा आक्षेप तिजोरीचा. इथे देशपांडे यांचंच पुढचं संशोधन बोलकं आहे. त्यांनी मायकल म्युलर-स्मिथ यांच्यासह, अठराव्या वर्षी मदत बंद झालेल्या तरुणांचा पुढच्या दोन दशकांतला माग काढला. त्यांच्यावरच्या गुन्ह्यांच्या आरोपांत सुमारे २० टक्के वाढ दिसली, तुरुंगात जाण्याची शक्यता तर ६० टक्क्यांनी वाढली. पोलीस आणि तुरुंग यांचा खर्च धरला तर सरकारची बचत जवळजवळ संपून गेली. अमेरिकेतली परिस्थिती वेगळी आहे, त्या तरुणांपैकी अनेकांचं अपंगत्व मानसिक आणि वर्तनाशी निगडित होतं; तेव्हा हे आकडे उचलून इथे लावता येणार नाहीत. पण मदत कापली की खर्च संपतो, हे गृहीतक त्यांनी मोडीत काढलं आहे. खर्च दुसऱ्या खात्यात जातो.

बी आपल्याच कायद्यात आहे

जे मागतो आहोत ते परकं नाही. रेल्वे थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णाला, त्याच्या एका सोबत्यालाही, उपचारांच्या प्रवासात सवलत देते. तिथे टक्का विचारत नाहीत, रुग्णालयाचा दाखला पुरतो. आपल्या एसटीने सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना मोफत प्रवास दिला आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळणारी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिव्यांग मुलाच्या बाबतीत वयाच्या मर्यादेशिवाय मिळते. २०२४मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेची रजा, मुलाच्या आजारपणातच, संपून गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने अशा मातांना ही रजा देण्याचा प्रश्न राज्याला गांभीर्याने घ्यायला लावला. म्हणजे वेळ हाच खर्च आहे हे आपल्या व्यवस्थेला ठाऊक आहे. फक्त सरकारी नोकरी नसलेल्या आईबाबत तिला ते आठवत नाही.

आणि २०१६च्या कायद्याचं २४वं कलम काढून पाहा. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी शुश्रूषा करणाऱ्याचा भत्ता असावा, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. ३८व्या कलमात किती आधार लागतो हे ठरवणाऱ्या मंडळाची तरतूद आहे. केरळ 'आश्वासकिरणम' योजनेतून घरी शुश्रूषा करणाऱ्याला महिना ६०० रुपये देतं. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती देखभाल करणाऱ्याच्या नावाने निघते. दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केला. त्या विभागाने मुलांच्या अर्जात देखभालीच्या तासांचा रकाना घालावा, रक्तपेढीच्या आणि दवाखान्याच्या नोंदी पुरावा म्हणून घ्याव्यात आणि राज्याचा शुश्रूषा भत्ता त्या रकान्याला जोडावा. ही मागणी आमदारांपर्यंत, ग्रामसभेच्या ठरावांपर्यंत गेली पाहिजे.

तोवर घरात किंवा ओळखीत असं मूल असेल तर थांबू नका. अर्ज राहत्या जिल्ह्यातच करावा लागतो असं नाही. ज्या शासकीय रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथेही तो करता येतो. टक्का कमी लागला असं वाटलं तर ५९व्या कलमाखाली अपील करता येतं. मुलाला अनेकदा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीची, प्रत्येक खेपेची, प्रत्येक बुडलेल्या रोजाची नोंद एका वहीत आजपासून करायला लागा.